उरल्या उजेडातलं घुबड

डिसेंबरात पुरंदर तालुक्यात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, आणि मावळतो म्हणजे जवळजवळ पडतोच. युरोपातल्या फोटोग्राफरांची पुस्तकं वाचून तयारी केलेल्या माणसाला पहिला हिसका इथे बसतो. तिकडे सूर्य क्षितिजाशी तिरका उतरतो, संध्याकाळ रेंगाळते. आपल्या अक्षांशांवर तो सरळ खाली जातो आणि बावीस-तेवीस मिनिटांत सगळं आटोपतं. बिंब नाहीसं होतं तेव्हा मोकळ्या माळावर सुमारे ४०० लक्स उजेड असतो. ती बावीस-तेवीस मिनिटं संपताना उरतो जेमतेम तीन-चार लक्स. म्हणजे सरासरी दर तीन-साडेतीन मिनिटांनी उजेड निम्मा होत जातो. शृंगी घुबड दिवसभराची झोप संपवून उघड्यावर येऊन बसतं ते नेमकं याच वेळात.

सासवडच्या पुढे, रस्ता सोडून सीताफळाच्या बागांमधून आत गेलं की ओढे लागतात. पावसाळा सोडला तर कोरडे, दोन्ही अंगांना मुरुमाच्या दरडी, काठावर बाभळी, हिवर आणि बोरीची झुडपं. दरडीत पाण्याने कोरलेल्या कपारी असतात. शृंगी घुबड घरटं बांधत नाही. अशाच एखाद्या कपारीत, नुसत्या मातीवर अंडी घालतं. माझ्याबरोबर होते ते गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, सासवडचेच. नोकरीत असताना रविवारी आणि आता रोज संध्याकाळी ते या ओढ्यांवर असतात. नाव छापायचं नाही ही त्यांची अट, म्हणून इथे नुसतं ‘काका’; कारण पुढे येईलच.

आम्ही ओढ्याच्या पश्चिमेच्या काठावर बाभळीच्या आडोशाने पालथे पडलो होतो, तोंडं पूर्वेकडे. लेन्सखाली ज्वारी भरलेली कापडी पिशवी, तिला फोटोग्राफर मंडळी बीनबॅग म्हणतात. ट्रायपॉड का नाही, असं विचारलं तर म्हणाले, ‘‘तीन पायांचं काहीतरी माळावर उभं राहिलं की त्याला आवडत नाही. आडवा माणूस चालतो.’’ समोरच्या दरडीवर, साठ-सत्तर मीटरवर, एक बोडका धोंडा होता. नर तिथेच येतो, असं त्यांचं म्हणणं.

बहुतेक लोक उलट्या बाजूला बसतात, पश्चिमेकडे तोंड करून. लाल-केशरी आभाळ, पुढे घुबडाची काळी आकृती, डोक्यावर दोन शिंगं. फोटो झटकन येतो, कॅमेऱ्याला कष्ट नाहीत. काकांना तो प्रकार मुळीच मान्य नाही. ‘‘अहो, त्यात घुबड कुठाय? त्या जागी रॉकेलचा डबा ठेवला तरी फोटो तसाच सुंदर येईल.’’ पूर्वेकडे बघणाऱ्याला वेगळंच काही मिळतं. सूर्य बुडाल्यावर काही मिनिटं पूर्व क्षितिजावर एक फिकट गुलाबी पट्टा दिसतो आणि त्याच्याखाली राखाडी-निळा. तो निळा पट्टा म्हणजे वातावरणावर पडलेली खुद्द पृथ्वीची सावली. आणि आपल्या पाठीमागच्या, पश्चिमेच्या आभाळाचा मऊ उजेड पिसांवर समोरून पडतो. कुठे कडक सावली नाही, कुठे चकाकी नाही. पिवळसर-तपकिरी अंगावरची एकेक काळी रेघ सुटी दिसते. ही चैन टिकते फार तर दहा मिनिटं.

नर आला तेव्हा मला दिसला नाही. धोंडा थोडा उंच झाला, एवढंच कळलं. काका पुटपुटत आकडे सांगत होते, ते मी टिपून घेतले. सूर्य नुकताच गेलेला: छिद्र एफ ६.३, त्यांच्या लेन्सला याहून मोठं उघडताच येत नाही; आयएसओ ३२००; शटर १/१२५. दहा मिनिटांनी आयएसओ १२८०० आणि शटर १/६०. आणखी पाच मिनिटांनी १/२०. ६०० मिलिमीटरची लेन्स आणि सेकंदाचा विसावा भाग! श्वास घेतला तरी चित्र हलतं. यातून वाट काढायची ती घुबडाच्याच स्वभावातून. घुबडाचे डोळे गोल नसून नळीसारखे असतात आणि खोबणीत फिरत नाहीत. बघायचं तर सगळी मान वळवावी लागते. मानेत चौदा मणके असल्याने ती तीनचतुर्थांश वर्तुळ फिरते. ती फिरते झटक्यात, आणि मग थांबते, दोन सेकंद, कधी पाच. त्या थांब्यावर सात-आठ फ्रेम सोडायच्या. त्यांतली एखादी धारदार निघते. बाकीच्या खोडायच्या.

मग त्याने आवाज दिला. खोल, दोन टप्प्यांचा, छातीतून आलेला. आवाजाबरोबर गळा फुगला आणि एरवी दिसत नसलेला पांढरा डाग लख्खकन उघडला. एवढ्या अंधारात मला दिसलेली ती एकमेव स्वच्छ गोष्ट. स्पेनमध्ये व्हिन्चेन्झो पेन्तेरियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातल्या शृंगी घुबडावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. २००९ साली त्यांनी दाखवून दिलं की हा पक्षी सांज-सकाळीच जास्त आवाज देतो, कारण त्या उजेडात गळ्याचा पांढरा डाग आसपासच्या पिसांवर सर्वांत उठून दिसतो. हद्दीवरच्या दुसऱ्या नराला ऐकू जायला हवंच, पण दिसायलाही हवं. म्हणजे ज्या उजेडाला आपण ‘वाईट’, ‘गेलेला’ म्हणतो तो घुबडाने स्वतःला दाखवण्यासाठी निवडलेला आहे. काकांना या संशोधनाची माहिती नव्हती, पण त्यांच्या संगणकावरचे निवडक फोटो मी नंतर पाहिले. जवळजवळ सगळे आवाज देतानाचे होते, गळा उघडलेला.

नारिंगी डोळ्यांचा हट्ट

शृंगी घुबडाचे डोळे नारिंगी. फोटो बघणाऱ्या प्रत्येकाला ते हवे असतात. इथे एक पेच आहे. अंधार वाढतो तशी बाहुली पसरते आणि नारिंगी कडं बारीक होत जातं. भर उजेडात डोळे रंगाने भरलेले असतात, पण तेव्हा घुबड कपारीत अर्धवट मिटल्या डोळ्यांनी पेंगत असतं. त्याला पूर्ण डोळे उघडायला लावायचे तर त्याला दचकवावं लागतं. समाजमाध्यमांवर भरदिवसा वटारलेल्या डोळ्यांची जी शृंगी घुबडं दिसतात, त्यांतली बरीचशी फोटो काढणाऱ्याला घाबरलेली असतात. हे एकदा कळलं की तसे फोटो बघण्याची मजा जाते. माझी तरी गेली.

पक्षी आपल्याला सहन करतोय की भ्यालाय, हे ओळखायची लक्षणं अवघड नाहीत. कानांसारखी दिसणारी पिसं ताठ उभी, अंग आकसून खोडासारखं अरुंद, डोळ्यांच्या फटी तुमच्याकडे रोखलेल्या: हा लपण्याचा पवित्रा आहे, ‘पोज’ नाही. पिंगळा असेल तर तो मान वर-खाली, डावी-उजवी हलवत बसतो. हे बघून लोक हसतात, मुलांना दाखवतात. तो अंतर मोजत असतो, तुमचं.

ढोलीच्या तोंडाशी

संपादकांनी यंदाच्या दिवाळी अंकाला ‘काळोख’ हे सूत्र दिलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर रात्रच असणार. पण घुबडाचा फोटो काढणारा खरा कावतो तो दिवसा. पुण्यातल्या एका जुन्या कॉलेजच्या आवारात विलायती शिरिषाचं प्रचंड झाड आहे. फांदी तुटून झालेल्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी राहते. थंडीच्या सकाळी दोघं तोंडाशी येऊन ऊन खातात. वॉचमनला त्यांची वेळ पाठ आहे. ‘‘साडेआठच्या आत काही नाही सर. आधी ती येते, मग तो. पोरांचं लेक्चर सुटलं की परत आत.’’

अडचण अशी. उघड्या उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. झाडाखालच्या दाट सावलीत दोन-तीन हजार. ढोलीच्या आत त्याहून कितीतरी कमी. आणि पानांमधून गळणारे उन्हाचे कवडसे नेमके पिंगळ्याच्या कपाळावर, एका डोळ्यावर, छातीच्या अर्ध्या भागावर. माणसाचा डोळा हे सगळं एका नजरेत सांभाळून घेतो. कॅमेऱ्याला एकच मोजमाप लावता येतं. कवडशाचं लावलं तर पक्षी काळा, पक्ष्याचं लावलं तर कवडसा पांढराफटक, आणि एकदा ‘हायलाइट उडाले’ की ते रॉ फाइलमधूनही परत येत नाहीत. त्यात वरून हिरवी झाक. पानांमधून झिरपलेला उजेड हिरवट असतो आणि पिंगळ्याच्या पांढऱ्या भुवया शेवाळलेल्या दिसतात.

इथे नेहमी फोटो काढायला येणारी एक मुलगी भेटली. वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी, म्हणून असेल कदाचित, तिने झाडाऐवजी समोरच्या इमारतीचा अभ्यास केला होता. इमारतीची पूर्वेकडची भिंत पांढरी. नऊ वाजून गेले की सूर्य त्या भिंतीवर चढतो आणि तिथून परतलेला उजेड झाडाच्या बुंध्यावर समोरून येतो. पंधरा-वीस मिनिटं ढोलीच्या तोंडाशी एकसारखा, पांढरा, बिनसावलीचा उजेड असतो. स्टुडिओत यासाठी मोठे पडदे लावतात, कॉलेजने ते चुन्यावर भागवलं आहे. डिसेंबरात ही वेळ एक, फेब्रुवारीत दुसरी, कारण सूर्य सरकतो. तिच्या वहीत तारखा, वेळा आणि भिंतीवरच्या सावलीची छोटी रेखाटनं होती. पक्ष्याबद्दल एक ओळ नव्हती. मला ती वही फार आवडली.

गव्हाणी घुबडाची तऱ्हा उलटी. ते राहतं माणसाच्या वास्तूत: पडीक वाड्याचं माजघर, गिरणीचा माळा, देवळाचं शिखर, हल्ली सोसायटीच्या पाण्याच्या टाक्यांमागे. भोवती सगळा अंधार आणि मध्ये पांढराशुभ्र, हृदयाच्या आकाराचा चेहरा. कॅमेऱ्याला वाटतं सगळंच काळं आहे, म्हणून तो उजेड वाढवतो आणि चेहऱ्याची सपाट पांढरी थाळी होऊन बसते. म्हणून इथे मोजमाप मुद्दाम दीड-दोन स्टॉप खाली आणायचं. माळा काळा होऊ द्यायचा, तो काळाच असतो. या पांढऱ्या रंगाबद्दल स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात असं आढळलं की पौर्णिमेच्या आसपास तांबूस घुबडांना शिकार कमी मिळते, पण पांढऱ्या घुबडांना फारसा फटका बसत नाही. चांदणं पांढऱ्या पिसांवरून परावर्तित होतं आणि ते अंगावर आलं की उंदीर पळायचं सोडून जागच्या जागी थिजतो.

पांढऱ्या आभाळाखालचा रानपिंगळा

घुबड दिवसा बाहेर हवं असेल तर रानपिंगळ्याकडे जावं. हा पक्षी जगात फक्त मध्य भारताच्या जंगलांत आहे: मेळघाट, यावल, तोरणमाळ, खांडव्याचा भाग, डांग. आणि २०१४ पासून ठाणे जिल्ह्यातलं तानसा, मुंबईला पाणी पाजणारं. त्याची कथा पक्षीमित्रांना पाठ आहे, तरी थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात छायाचित्राचं काम मोठं आहे.

१८७३ साली ॲलन ह्यूमने या पक्ष्याचं वर्णन केलं. १८८४ नंतर खात्रीचा एकही नमुना मिळाला नाही. रिचर्ड माइनरत्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ एक मारल्याचा दावा केला होता, आणि शोधणारे त्या भागात शोधत राहिले. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी सिद्ध केलं की ते कातडं संग्रहालयातून चोरलेलं होतं. जेम्स डेव्हिडसनने खानदेशात गोळा केलेला जुना नमुना नव्याने भरून, खोटी चिठ्ठी लावून ठेवलेला. खोटी जागा यादीतून गेल्यावर रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट खऱ्या जागांकडे वळले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात सकाळच्या उन्हात, पानं गळालेल्या झाडावर तो बसलेला सापडला. ११३ वर्षांनी. त्यांनी पक्षी मारला नाही. व्हिडिओ आणि फोटो घेतले, आणि तोच पुरावा जगाने मानला.

पुरावा म्हणून फोटोला काय काय दाखवावं लागतं, हे तानसात कळतं. साधा पिंगळा आणि रानपिंगळा लांबून सारखेच. फरक आहेत ते असे: रानपिंगळ्याच्या माथ्यावर ठिपके जवळजवळ नसतात, छातीचा वरचा भाग भरीव तपकिरी असतो, पोट मध्ये स्वच्छ पांढरं, आणि शेपटीवरचे पट्टे ठळक. हे सगळे फरक उजेडाच्या तोंडावर अवलंबून. तानसा समुद्रापासून फार लांब नाही. पावसाळा संपल्यावर हवेत दमटपणा असतो, सकाळी आभाळ निळं नसून दुधी. रानपिंगळ्याला आवडतो झाडाचा उघडा शेंडा, वाळलेली फांदी, जिथून खालचा सरडा दिसेल. म्हणजे फोटो नेहमी खालून वर आणि मागे चकाकतं पांढरं आभाळ. कॅमेऱ्यावर सोडलं तर आभाळ करडं आणि पक्षी कोळसा. पोटाचा पांढरेपणा, माथा, पट्टे सगळं गायब. एका काळ्या आकृतीवरून तो कोण हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

तेव्हा उलट वागायचं. मोजमाप दीड-दोन स्टॉप वर न्यायचं, आभाळ जळून जाऊ द्यायचं, पक्षी वाचवायचा. असा फोटो देखणा नसतो. मागे कोरा कागद चिकटवल्यासारखा दिसतो. आमच्याबरोबरचा शहापूरचा तरुण फोटोग्राफर याला ‘रेकॉर्ड शॉट’ म्हणाला, थोड्या तुच्छतेने. सोबतच्या वनरक्षकाला ते पटलं नाही. ‘‘आमच्या रजिस्टरला हाच लागतो. तुमच्या त्या सोनेरी उजेडातल्या फोटोत पट्टे मोजता येत नाहीत.’’ दोघांचंही बरोबर आहे, पण माझा कल वनरक्षकाकडे.

उजेड सुधारायचा एक मार्ग मात्र तिथे आहे, आणि तो पायांचा आहे. सागाच्या रानात उतार असतात. चढावर पन्नास पावलं वर गेलं की शेंड्यावरचा पक्षी डोळ्यांच्या पातळीला येतो आणि त्याच्यामागे आभाळाऐवजी समोरच्या टेकडीचं रान येतं. एकदम सगळं जमतं: पार्श्वभूमी गडद, पोट पांढरं, डोळे पिवळे. अडचण एवढीच की ती पन्नास पावलं वाळल्या सागपानांवरून जातात, आणि ती पानं पापडासारखी मोडतात. वनरक्षक एकेक पाऊल टाकून पानांखाली बोट घालत होता, म्हणजे बुटाचं टोक. वीस मिनिटं लागली. पक्षी मध्येच शेपटी डावी-उजवी झटकत होता, रानपिंगळ्याची ही खास सवय, आणि सगळे थांबत होते.

यापेक्षा सोपा मार्ग खिशात असतो, मोबाइलमध्ये. रानपिंगळ्याचा आवाज वाजवला की तो हद्द राखायला धावून येतो, समोरच्या फांदीवर, चांगल्या उजेडात. अभ्यासक गणना करताना परवानगी घेऊन, मोजून-मापून हे करतात. हौशी माणूस तो आवाज फोटो मनासारखा येईपर्यंत वाजवतो. त्या वेळात घरट्यावरचा पक्षी घरट्यावर नसतो. वनरक्षकाने गेटवरच सगळ्यांचे फोन तपासले नाहीत, पण ब्लूटूथ स्पीकर आहे का ते विचारलं.

दिवा पेटवणारे

अंधारावरचा जुना उपाय म्हणजे उजेड सोबत नेणं. या धंद्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव एरिक हॉस्किंग. १९३७ साली वेल्समध्ये घरट्याजवळच्या लपणाकडे रात्री जात असताना टॉनी आउल जातीच्या घुबडाने त्याच्या चेहऱ्यावर झडप घातली. डावा डोळा गेला. त्यानंतरही तो घुबडांचे फोटो काढत राहिला, आणि वेगवान इलेक्ट्रॉनिक फ्लॅश पक्ष्यांसाठी वापरणाऱ्या पहिल्या लोकांमध्ये त्याची गणना होते. तोंडात उंदीर धरून पंख पसरलेलं त्याचं गव्हाणी घुबड एका पिढीच्या मनावर कोरलं गेलं. आत्मचरित्राचं नाव त्याने ठेवलं ‘ॲन आय फॉर अ बर्ड’. विनोदबुद्धी शाबूत होती म्हणायची.

फ्लॅशने घुबड कायमचं आंधळं होतं असं फोटोग्राफर मंडळींत सांगतात. ही सांगोवांगी आहे. पण घुबडाच्या डोळ्याच्या पडद्यात मंद उजेड टिपणाऱ्या पेशींचा भरणा असतो, आणि अंधाराला सरावलेल्या डोळ्यावर लखलखाट झाला की तो काही वेळ दिपणार, हे समजायला पक्षितज्ज्ञ व्हावं लागत नाही. शिकारीला निघालेल्या, पिल्लांना भरवणाऱ्या पक्ष्याचा तो वेळ आपण घेतो. मला दुसरंही एक कारण दिसतं. फ्लॅशमधल्या घुबडाच्या मागे रात्र नसते. काळं कापड असतं. माळ, दरड, आभाळाचा उरलासुरला निळेपणा, यांतलं काही उरत नाही. पक्षी कुठल्या जगात बसलाय तेच फोटोतून निघून जातं.

फ्लॅशची गरज हळूहळू संपवली ती कॅमेऱ्यांनी. रंगीत स्लाइड फिल्मच्या काळात आयएसओ १०० हे नेहमीचं, ४०० म्हणजे चंगळ, आणि ४०० ला दाणे दिसायचे. २००७ साली निकॉनचा डी ३ आला, ६४०० आयएसओवर कामाचं चित्र देणारा, आणि काकांसारख्या लोकांना संध्याकाळची पंधरा मिनिटं बक्षीस मिळाली. आता नॉईज काढणारी सॉफ्टवेअर आली आहेत. १२८०० वरच्या रवाळ फोटोतला रवा ती पुसून टाकतात. कधीकधी जास्तच पुसतात, आणि न दिसलेली पिसं स्वतःच्या कल्पनेने काढून देतात. जाणकार लगेच ओळखतात: पिसं प्लास्टिकची वाटतात.

उजेड स्वस्त झाला, मग

एक गोष्ट कॅमेरा कंपन्यांच्या जाहिरातींत नसते. जोवर मंद उजेडात फोटो काढणं अवघड होतं, तोवर संध्याकाळी ओढ्यावर कोणी येत नव्हतं. अवघडपणा हे घुबडाचं कुंपण होतं. ते गेलं आणि गाड्या आल्या.

जागा कशी फुटते, याची एक ठरावीक चाल आहे. कोणीतरी फोटो टाकतो, जागा लिहीत नाही. पण फाइलमध्ये जीपीएसची नोंद राहून जाते, किंवा मागे पवनचक्की नाहीतर ओळखीचा डोंगर येतो. दुसरा ओळखतो, ग्रुपवर ‘पिन’ टाकतो. पुढच्या रविवारी चार गाड्या. मग गावातला एखादा पोरगा मोटारसायकलवरून नेऊन ‘घुबड दाखवून देतो’, त्याचे पैसे घेतो. त्याला दोष देववत नाही, कोरडवाहू गावात ती रोकड असते. पण शृंगी घुबडाची अंडी उघड्या मातीवर असतात. मादी माणसांमुळे उठली की दुपारच्या उन्हात अंडी तापतात, किंवा टपून बसलेला कावळा उतरतो. पिल्लं पंख फुटण्याआधीच कपारीतून बाहेर चालायला लागतात आणि माणसांच्या गराड्यात कुठेही जाऊन पडतात. काकांनी नाव छापू नका म्हटलं ते यासाठी. त्यांचं नाव कळलं की ओढा कळतो.

आणि मग दिवाळी. लक्ष्मीचं वाहन म्हणून घुबडाला मान असणाऱ्याच देशात, अमावास्येच्या आसपास अघोरी पूजांसाठी घुबडं पकडली आणि विकली जातात. २०१० साली ट्रॅफिक या संस्थेसाठी अब्रार अहमद यांनी भारतातल्या घुबडांच्या चोरट्या व्यापारावर अहवाल लिहिला, तो वाचताना अंगावर काटा येतो. शिंगं असलेल्या मोठ्या घुबडांना मागणी जास्त. म्हणजे आपलं शृंगी घुबडच. फोटोखाली जागा लिहिणं हे अशा वेळी निरागस राहत नाही.

दुसरी बाजूही पुरंदरमध्येच दिसते. पिंगोरी गावात इला फाउंडेशनचं काम आहे. डॉ. सतीश पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भागातल्या घुबडांचा कित्येक वर्षं अभ्यास केला, आणि शेतातली घुबडं मुख्यतः उंदीर-घुशींवर जगतात हे शेतकऱ्यांपर्यंत नेलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथे देशातला पहिला म्हणून ओळखला गेलेला घुबड महोत्सव भरला. शाळेतल्या मुलांनी घुबडं रंगवली, मातीची केली. ज्या गावांत घुबड छपरावर बसलं तर दगड मारायचे, तिथली ही गोष्ट. ओढ्यावरून परतताना हरभऱ्याच्या शेतात पाणी देणारा एक शेतकरी भेटला. त्याने टॉर्च आधी आमच्या तोंडावर मारला, मग कॅमेऱ्यावर.

‘‘काय, घुबाड काढलं का फोटूत?’’

‘‘काढलं,’’ काका म्हणाले.

‘‘काढा. पन उठवू नका त्याला. उंदरं लई झाल्यात औंदा.’’

छापखान्यात

एवढं करून फोटो मिळतो तो काळा. काकांनी मला दिलेली फाइल त्यांच्या संगणकावर देखणी दिसत होती: राखाडी-निळं आभाळ, दरडीची अंधूक कड, पक्ष्याच्या अंगावर विझत आलेला उजेड आणि गळ्याचा पांढरा डाग. छापखान्यातल्या ऑपरेटरने ती उघडली आणि मान हलवली. पडद्यावरचा अंधार आतून उजळलेला असतो, कागदावरचा शाईचा. चार शाया एकावर एक पडल्या की गडद भाग भरून जातात, दरड आणि आभाळ यांतला फरक मिटतो. मॅपलिथो कागदावर तर शाई पसरते आणि पिसांच्या रेघाच उरत नाहीत. वर, संधिप्रकाशाचा तो विशिष्ट निळा छपाईच्या चार रंगांत, सीएमवायकेमध्ये, गेला की जांभळट होतो.

‘‘उजळून देऊ का? एकदम दिवसासारखं करून देतो,’’ ऑपरेटर म्हणाला. त्याला ते एका मिनिटाचं काम. काकांना फोन लावला. ते म्हणाले, दिवसासारखं करायचं असतं तर मी दिवसा गेलो असतो. मग बराच वेळ खाली-वर चाललं. सावल्या जराशा उचलल्या, म्हणजे दरडीची कड राहील एवढ्याच. निळ्यातला लाल कमी केला. एकूण शाई आटोक्यात आणली. गळ्याचा डाग मात्र हात न लावता ठेवला, कारण कागदाचा पांढरेपणा तिथेच काय तो शिल्लक होता. प्रूफ आलं, ते खिडकीशी नेऊन पाहिलं, कारण छापखान्याच्या ट्यूबलाइटखाली सगळंच हिरवट दिसतं. दुसरं प्रूफ काढलं. तिसऱ्यावर सही झाली. फोटोखाली पक्ष्याचं नाव आणि ‘पुणे जिल्हा’, एवढंच.

मी उत्साहाने विचारलं की हाच मुखपृष्ठावर घेतला तर? अंकाचा विषय काळोख, फोटो असा. छापखान्याचे मालक इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, ‘‘दिवाळीत दर्शनी घुबड? स्टॉलवर कोणी अंकाला हात लावणार नाही. आतमध्ये काय हवं ते छापा.’’ तेव्हा घुबड आर्ट पेपरच्या पानांवर आत आहे. मुखपृष्ठावर यंदाही पणती.